निचऱ्यावरचं व्याख्यान

माणसाला आपल्या मुलीचा अभिमान जरूर असावा, पण तो चारचौघांत सांगता येईल अशा अवयवाचा असावा, असं माझं बरीच वर्षं मत होतं. आमची कन्या सर्जन आहे. एवढं सांगितलं की समोरचा माणूस कौतुकानं विचारतो, "वा! हृदयाची का?" मी म्हणायचो, "त्याच्या जरा खाली." "पोटाची?" "आणखी थोडं खाली." इथपर्यंत आल्यावर सभ्य माणूस विषय बदलतो. जो बदलत नाही त्याला "किडनीची" असं सांगून मी मोकळा व्हायचो. आता हे काही खोटं नव्हतं. किडनी तिच्या हद्दीत येतेच. पण तिचा खरा मुलूख म्हणजे मूत्राशय, त्याच्या खाली बसलेली प्रोस्टेट नावाची अक्रोडाएवढी ग्रंथी आणि तिथून बाहेर पडणारी वाट. थोडक्यात, शाळेतलं पोर ज्यासाठी करंगळी वर करतं ते सगळं खातं माझ्या मुलीकडे आहे.

हे असंच चाललं असतं, पण आमच्या सोसायटीत तळमजल्यावर औषधांचं दुकान आहे आणि दुकानाच्या मालकांना एक सून आहे. सून हृदयाची डॉक्टर. एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये तिचं हृदयावर व्याख्यान झालं. हॉल भरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर लाल रंगाचं मोठं हृदय धडधडताना बघून दोन बायकांनी डोळे पुसले. ते संपल्यावर औषधवाले चहाचा कप घेऊन माझ्यापाशी आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुमची पण डॉक्टरच ना? ती कशाची बरं? ते आपलं... हे..." आणि त्यांनी कपानं हवेत एक अस्पष्ट वर्तुळ काढलं.

त्या वर्तुळानं घात केला. मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात तिचंही व्याख्यान आहे. याच हॉलमध्ये."

"विषय काय?" आमच्या वरच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांनी विचारलं. त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजूनही त्यांनी प्रश्न विचारला की माझा हात आपोआप पाठीमागे जातो.

"यथावकाश जाहीर करू," मी म्हणालो.

घरी हे कळल्यावर बायको म्हणाली, "अहो, पण तिला विचारलंत का?"

मुलीला विचारलं तेव्हा ती मात्र चक्क खूश झाली. म्हणाली, "बाबा, मी कधीची म्हणत होते. पुरुष मंडळी हे दुखणं लपवून लपवून माझ्याकडे येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. पण माझ्या दोन अटी. विषय फलकावर सरळ, स्वच्छ शब्दांत लिहायचा. आणि हॉलचं स्वच्छतागृह उघडं ठेवायचं. समोर सगळे साठीचे लोक बसणार आहेत."

दोन्ही अटी मी हसत मान्य केल्या. तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला दोन अटी म्हणजे काय हो! एक कागद जातो, एक कागद येतो.

इथे आणखी एक गोष्ट सांगून टाकायला हवी, जी तेव्हा मी कुणालाच सांगितली नव्हती. गेलं वर्षभर माझं स्वतःचंच त्या खात्याशी बिनसलं होतं. न्हाणीघरात मी इतका वेळ उभा राहायचो, की मी आत वर्तमानपत्र वाचतो अशी बायकोची समजूत झाली होती आणि मी ती होऊ दिली होती. ज्याची मुलगी या विषयातली तज्ज्ञ, त्यानं तिला का सांगू नये? बरोबर आहे. पण जिला मी करंगळी वर करायला शिकवलं तिच्यापुढे जाऊन आता स्वतःची करंगळी वर करायची, हे मला काही केल्या जमेना. त्यापेक्षा मी 'माझ्या एका मित्राला' होत असलेला त्रास शेजाऱ्यांपुढे मांडला. औषधवाले म्हणाले, "मित्राला भोपळ्याच्या बिया द्या." सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "मित्राला बार्लीचं पाणी द्या." हेडमास्तर म्हणाले, "मित्राला मन खंबीर ठेवायला सांगा." तिघांनीही जाताना माझ्या खांद्यावर थोपटलं. तीन महिने मी बिया खाल्ल्या, बार्ली प्यायली आणि मन खंबीर ठेवलं. धार होती तशीच राहिली.

असो. हॉलसाठी मी अर्ज केला. सेक्रेटरींनी तो परत दिला. अर्जाच्या नमुन्यात 'कार्यक्रमाचे स्वरूप' असा रकाना होता आणि त्यात तीनच पर्याय होते: सांस्कृतिक, कौटुंबिक आणि क्रीडा.

"आरोग्यविषयक लिहितो," मी म्हणालो.

"काका, तसा पर्याय नाही."

"मग हृदयाच्या वेळी काय लिहिलं होतं?"

"कौटुंबिक. सुनेचं होतं ना ते!"

मुलगी कुटुंबातच मोडते, हे त्यांना पटवायला मला दोन दिवस लागले. मग फलकाचा प्रश्न आला. मी लिहून नेलं होतं: 'लघवीच्या तक्रारी : कारणे व उपाय.' सेक्रेटरींनी कागद वाचला आणि पालथा घालून ठेवला.

"काका, हा फलक लिफ्टजवळ लागतो. तिथून बायका जातात, मुलं जातात, पाहुणे येतात. मुलाला बघायला आलेल्या लोकांनी लिफ्टपाशी हे वाचलं तर स्थळ हातचं जाईल."

"मूत्रविकार लिहू?"

"ते तर आणखी शास्त्रोक्त झालं हो!"

त्याच वेळी मी ठाम राहायला हवं होतं. खरं सांगायचं तर मलाही मनातून हायसंच वाटलं. शेवटी सेक्रेटरींनी स्वतः, सुवाच्य अक्षरात, फलक लिहिला: 'निचऱ्याच्या समस्या : कारणे व उपाय. तज्ज्ञांचे मार्गदर्शन. रविवार, सकाळी दहा. सर्वांनी उपस्थित राहावे.' शब्द कसा सोज्वळ आहे बघा, असं ते म्हणाले आणि मीही मान डोलावली.

दुसरी अट स्वच्छतागृहाची. त्याला कुलूप होतं. कुणीतरी नळाची तोटी मोडली, ती नवी बसवल्यापासून ते लावलेलं होतं. किल्ली सेक्रेटरींच्या कपाटात, कपाटाची किल्ली खजिनदारांकडे आणि खजिनदार मुलाकडे परगावी. "ठरावाशिवाय कुलूप तोडता येत नाही," सेक्रेटरी म्हणाले. "आणि तासाभराच्या व्याख्यानात अशी कुणाला घाई होणार आहे?" मूत्राशयाला ठराव कळत नाहीत, हे तेव्हा मला सुचलं नाही. माणसाला योग्य वाक्यं नेहमी नंतर सुचतात.

रविवार उजाडला तो माझ्यासाठी सर्दी घेऊनच. सकाळी नाक वाहायला लागलं. प्रास्ताविक मी करणार होतो आणि शिंकत प्रास्ताविक केलं तर औषधवाल्यांना काय वाटेल, म्हणून मी औषधवाल्यांकडेच गेलो. त्यांनी एक पिवळी गोळी दिली. "अर्ध्या तासात सगळं कोरडं," ते म्हणाले. माणूस शब्दाचा पक्का निघाला.

दहाला पाच कमी असताना हॉल तुडुंब भरला होता. हृदयापेक्षा जास्त! माझी छाती भरून आली. मग मी जरा नीट बघितलं. चौथ्या मजल्यावरच्या बाईंच्या हातात त्यांच्या न्हाणीघरात तुंबलेल्या पाण्याचे फोटो होते. तळमजल्यावरचे दोघं गटाराबद्दलचं निवेदन घेऊन आले होते, त्यावर अकरा सह्या होत्या. आणि सर्वांत मागे, हातात पाना घेऊन, साक्षात प्लंबर उभा होता. त्याला कुणी बोलावलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मुलगी आली ती लिफ्टजवळचा फलक वाचूनच. "बाबा, हे काय?"

"सेक्रेटरींची भाषा जरा ललित आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्या पेशंटकडे ती असंच बघत असावी. मग ती सरळ माइकपाशी गेली. माझं प्रास्ताविक खिशातच राहिलं. चार पानांचं होतं.

"तुम्ही सगळे निचऱ्यासाठी आला आहात ना?" ती म्हणाली. "बरोबर ठिकाणी आलात. फक्त नळ वेगळा आहे." आणि तिनं मागे बघून विचारलं, "दादा, तुम्ही प्लंबर का? जरा पुढे या. इमारत जुनी झाली, पाइपची वाट अरुंद झाली, की काय काय होतं?"

प्लंबर पुढे आला. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच माइक मिळाला असावा. तो म्हणाला, "धार बारीक होते, ताई. नळ उघडला तरी पाणी यायला वेळ लागतो. मध्येच थांबतं, परत येतं. बंद केला तरी थेंब थेंब गळत राहतं. आणि टाकी पुरी रिकामी होतच नाही, खाली पाणी राहतंच."

साठीच्या वरचा एकूण एक पुरुष जमिनीकडे बघायला लागला. मला तर वाटलं, हा माणूस वर्षभर आमच्या न्हाणीघराच्या खिडकीबाहेरच उभा होता की काय!

"साठीनंतर निम्म्याहून जास्त पुरुषांचं नेमकं हेच होतं," मुलगी म्हणाली. "फरक एवढाच, की आपला पाइप आतून बुजत नाही. त्याच्याभोवती एक ग्रंथी असते, ती वयाप्रमाणे वाढते आणि पाइप दाबते." आणि पुढची वीस मिनिटं ती अशी बोलली, की तुंबलेल्या पाण्याचे फोटो पर्समध्ये परत गेले आणि निवेदनाची घडी झाली. टाकी रिकामी झाली नाही तर दाब वर किडनीपर्यंत कसा जातो, ते तिनं फळ्यावर तीन रेघांत दाखवलं. 'लघवी' हा शब्द ती 'भाजी' म्हणावं इतक्या सहज उच्चारत होती. पहिल्या दोन वेळा लोक दचकले, मग त्यांनाही सवय झाली.

हेडमास्तर उभे राहिले. "हे वयोमानाप्रमाणे चालायचंच. त्याचा एवढा बाऊ कशाला?"

"मास्तरकाका, डोळ्यांना कमी दिसायला लागलं तेव्हा चालायचंच म्हणालात, की चष्मा केलात?"

हेडमास्तर खाली बसले. बारा वर्षांत त्यांना असं बसलेलं मी प्रथमच पाहिलं. मी औषधवाल्यांकडे बघून किंचित मान तुकवली. अभिमानाची एक लाट छातीतून निघाली, खाली गेली आणि जिथे पोचली तिथे मला एकदम घाई लागली.

मी हळूच उठलो. स्वच्छतागृहाला कुलूप! घर पाचव्या मजल्यावर, लिफ्ट कुणीतरी वर धरून ठेवलेली. मी सेक्रेटरींना खूण केली. त्यांनी 'ठराव' असं ओठांनीच सांगितलं. प्लंबरनं मात्र माझ्या उभं राहण्यावरून सगळं ओळखलं. त्याच्या धंद्यातलंच होतं ते. त्यानं कडीत पाना अडकवला, एक हिसका दिला आणि कुलूप कडीसकट हातात आलं. मी आत धावलो, उभा राहिलो. आणि उभाच राहिलो.

काही नाही. एक थेंब नाही. आतून महापुराचा इशारा आणि बाहेर दुष्काळ. मी नळ सोडून बघितला, मन खंबीर करून बघितलं, पायावर पाय दाबून बघितला. कपाळावर घाम आला. शेवटी पोट धरून हॉलमध्ये परत आलो, तेव्हा ती सांगत होती, "आणि एक लक्षात ठेवा. ग्रंथी वाढलेली असेल तर सर्दीची साधी गोळीसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नका. काही गोळ्यांनी नाकाबरोबर हा रस्ताही बंद होतो. अशा वेळी माणूस कपाळाला घाम आलेला, पोट धरून, वाकून..." आणि तिची नजर माझ्यावर पडली.

तिनं खडू खाली ठेवला.

"बाबा, झाली का?"

माइक चालूच होता. सेक्रेटरींनी हौसेनं एक कर्णा फाटकापाशीही लावला होता.

"नाही," मी म्हणालो. हॉलनं ऐकलं. फाटकानं ऐकलं.

"गोळी घेतली होती सर्दीची?"

मी औषधवाल्यांकडे पाहिलं. औषधवाले छताकडे पाहत होते.

पुढच्या दोन मिनिटांत जे झालं त्याला तोड नाही. तिनं माइक ठेवला. "कार्यक्रम संध्याकाळी पाच वाजता पुढे चालू होईल," असं तिनं सांगितलं आणि तिचा आवाज बदलला. आमची गाडी पाहुण्यांच्या गाड्यांनी कोंडली होती, म्हणून मला प्लंबरच्या टेम्पोत घातलं. दोन्ही बाजूंना पाइप, मधे मी, शेजारी मुलगी आणि समोर सेक्रेटरी. कुलपाचं त्यांना लागलं असावं, कारण ते न बोलावता चढले होते. त्या रस्त्यावर सात गतिरोधक आहेत. मी आजही ते डोळे मिटून दाखवू शकतो.

हॉस्पिटलच्या खिडकीत एक अर्ज होताच. मुलगी आत तयारीला धावली होती. खिडकीतल्या माणसानं शांतपणे विचारलं, "तक्रार काय?" मी म्हणालो, "निचरा." सवय लागली होती. सेक्रेटरींनी मला बाजूला केलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "लघवी अडकली आहे! लिहा!" अर्जाखाली नातेवाईक म्हणून सहीही त्यांनीच केली. "नातं?" "सेक्रेटरी." त्या माणसानं ते तसंच लिहून घेतलं. माझ्या फाइलवर अजून आहे.

आत पडदा ओढला गेला. नळी घालायचं काम एका थोराड, अबोल पुरुष नर्सनं, म्हणजे ब्रदरनं, केलं. मुलगी पडद्याबाहेर उभी राहिली. माझी लाज राखायला ती बाहेर थांबली होती आणि मला धीर द्यायला बोलत होती. "बाबा, खोल श्वास घ्या. आता थोडं जड वाटेल. पाय सैल सोडा. शाब्बास." घरी तिचा आवाज म्हणजे 'माझा चार्जर कुणी घेतला?' असा असतो. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो घाई करत नव्हता. माझ्यासारखे किती जण या पलंगावर घाबरून पडले असतील आणि या आवाजाला धरून राहिले असतील, असं मनात आलं.

आणि मग ते झालं. त्या सुखाचं वर्णन मी करणार नाही. ज्यानं अनुभवलंय त्याला सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना ते अनुभवावं लागू नये.

"मॅडम, अकराशे मिली," ब्रदर म्हणाला.

चारशेलाच माणसाला राहवत नाही, हे मला नंतर कळलं.

"बाबा, किती दिवसांपासून होतं हे?"

"वर्ष झालं."

मग डॉक्टरांचा आवाज गेला आणि माझ्या मुलीचा आला, जरा ओला. "मी दिवसाला तीस जणांना विचारते. घरी विचारायचं राहिलं."

"तुझं नाही गं," मी म्हणालो. "मीच सांगायचं टाळत होतो."

रक्त तपासलं. किडनीवर थोडा ताण आला होता, पण ती सावरण्यासारखी होती. आणखी दोन-तीन महिने बियांवर काढले असते तर तसं म्हणता आलं नसतं, असं तिनं मला स्वच्छ सांगितलं. दुपारभर तिथेच ठेवून घेतलं. बायको ढगळ पायजमा घेऊन आली. चार वाजता मी म्हणालो, "मी व्याख्यानाला येणार."

"बाबा, नळी आहे. पिशवी आहे."

"पिशवी मी घेईन ना हातात. आजवर वाणसामान वाहिलंच की."

बायकोनं मुलीकडे पाहिलं, मुलीनं रिपोर्टकडे. "पुढच्या रांगेत बसायचं आणि उठायचं नाही," ती म्हणाली.

पाच वाजता हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी पन्नास-साठ असतील, आता शंभरावर. शेजारच्या तीन इमारतींतले लोक आले होते. कर्णा फाटकापाशी लावल्याचा परिणाम. लिफ्टजवळच्या फलकावरचा निचरा पुसलेला होता आणि त्या जागी सेक्रेटरींच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'लघवीच्या तक्रारी. लाजू नका. स्वच्छतागृह उघडे आहे.' मी कापडी पिशवी हातात धरून, बायकोच्या खांद्याचा आधार घेऊन आत आलो तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात मला मिळालेल्या या पहिल्याच टाळ्या. निवृत्तीच्या समारंभातही साहेबांचं भाषण लांबल्यामुळे राहून गेल्या होत्या.

मुलीनं उरलेला भाग पूर्ण केला. मूतखडा कसा होतो, पाणी किती प्यावं, बायकांनाही लघवीचे त्रास असतात आणि खोकला-शिंकेबरोबर थेंब गेले तर त्यावर इलाज आहे, ते मुकाट्यानं सोसायचं नसतं. तेव्हा बऱ्याच बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "आता प्रश्न विचारा."

कुणी हललं नाही. शंभर माणसं आणि पंख्याचा आवाज. "चिठ्ठीवर लिहा, नाव नको," ती म्हणाली. चिठ्ठ्या वाटल्या गेल्या आणि कोऱ्याच राहिल्या. तिचा चेहरा किंचित पडला. बापाला ते दिसतं.

उठायचं नाही असं तिनं बजावलं होतं. मी उठलो. वाणसामानाच्या पिशवीत हात घातला, आतली दुसरी पिशवी बाहेर काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"ही बघा," मी म्हणालो. "आत काय आहे ते सांगायला नको. मी या डॉक्टरांचा बाप. वर्षभर मी एका मित्राचं नाव सांगत फिरलो. तो मित्र मीच. ते तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, फक्त जिला सांगायला हवं होतं तिला माहीत नव्हतं. माझी किडनी आज थोडक्यात वाचली. आता यापुढे माझी लाज जाण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा तुमचा प्रश्न माझ्या नावावर विचारा. माझं नाव तसंही खराब झालंच आहे."

आधी कुणीतरी हसलं. मग सगळे हसले. आणि हसू ओसरल्यावर हेडमास्तर उभे राहिले. सकाळी उभे राहिले होते तसे नाही. एका हातानं त्यांनी पुढची खुर्ची धरली होती.

"माझ्या एका मित्राला," त्यांनी सुरुवात केली. मग ते थांबले. "नाही. मला. दोन महिने झाले, मधूनमधून लाल होते. दुखत काहीच नाही. म्हणून मी..." त्यांची बायको शेजारीच बसली होती. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं, ते तिच्या तोंडावर दिसलं.

मुलगी माइक सोडून खाली आली, त्यांच्याजवळ गेली. "काका, दुखत नाही म्हणून तर लगेच बघायचं," ती हळू आवाजात म्हणाली. "उद्या नऊ वाजता या. काकूंना घेऊन या. मी स्वतः बघेन."

त्यानंतर चिठ्ठ्या आल्या, हात वर झाले, साडेसात वाजले तरी लोक उठेनात. औषधवाल्यांनी जाहीर केलं, की यापुढे साठीच्या माणसाला सर्दीची गोळी देताना ते तीन प्रश्न विचारतील. प्लंबरनंही एक प्रश्न विचारला. स्वतःबद्दलचा.

हेडमास्तरांच्या मूत्राशयात एक लहानशी गाठ निघाली. दुर्बीण घालून मुलीनं ती काढली. गाठ वाईट जातीची होती, पण वरवरच होती, आत गेलेली नव्हती. दर तीन महिन्यांनी दुर्बिणीनं बघावं लागणार एवढंच. सहा महिने आणखी थांबले असते तर कदाचित मूत्राशयच काढावं लागलं असतं. हे मला हेडमास्तरांनीच सांगितलं, जिन्यात, माझा हात हातात धरून.

माझी नळी चौथ्या दिवशी काढली, पण खात्याचा कारभार सुधारला नाही, तेव्हा ऑपरेशन ठरलं. मी म्हणालो, "तूच कर."

"नाही, बाबा. टेबलावर मला पेशंट लागतो. तिथे मला बाबा नकोत." तिच्या सरांनी केलं. ती आत एका कोपऱ्यात उभी होती, असं ब्रदरनं नंतर सांगितलं. त्यानं माझ्यासमोर उच्चारलेलं हे 'अकराशे'नंतरचं पहिलंच वाक्य.

ऑपरेशनला तीन महिने झाल्यावर तपासणीला गेलो. तिथे एक यंत्र असतं. पोटभर पाणी प्यायचं, त्या यंत्राच्या भांड्यात मोकळं व्हायचं आणि यंत्र धारेचा आलेख काढतं. मी बाकावर पाणी पीत बसलो होतो. शेजारी हेडमास्तर त्यांच्या दुर्बिणीच्या पाळीची वाट बघत होते. मुलीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत एक म्हातारा खेडवळ माणूस टोपी कुरवाळत बसला होता आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. बाहेर वीस जण खोळंबले होते. ती पेन खाली ठेवून नुसती बसून होती. घड्याळाकडे बघितलं नाही, की 'बोला' म्हणाली नाही. मिनिट गेलं, दोन गेली. मग म्हातारा बोलायला लागला आणि एकदा लागल्यावर थांबेचना.

"बघितलंत?" हेडमास्तर म्हणाले. "चाळीस वर्षं मी वर्ग गप्प बसवायची कला शिकलो. हिला उलटी कला येते."

तेवढ्यात ब्रदरनं दारातून हाक दिली, "डॉक्टर मॅडमचे वडील कोण?"

बाकावरची सगळी माणसं वळली. मी उठलो. ताठ उभा राहिलो, पोटात लिटरभर पाणी असताना राहता येईल तितका ताठ. "मी," म्हणालो आणि वरून, कुणी विचारलं नसताना, तिची पदवी, तिचं खातं आणि त्या खात्यात काय काय येतं ते सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. ब्रदर थांबला होता. मूत्राशय थांबायला तयार नव्हतं, म्हणून थोडक्यात आवरलं.

यंत्रानं कागद बाहेर टाकला. त्यावर एक डौलदार टेकडी होती, वर चढून सुरेख उतरलेली. मुलीनं तो कागद उजेडात धरला, तिचा चेहरा उजळला आणि तिनं खाली तारीख घालून सही केली. पहिलीपासून बारावीपर्यंत तिच्या प्रगतिपुस्तकांवर मी सह्या केल्या होत्या. माझ्या कागदावर तिची सही ही पहिलीच.

बाहेर येऊन मी तो कागद न बोलता हेडमास्तरांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा चढवला, टेकडी या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली, खालची सही वाचली आणि कागद परत करत म्हणाले, "उत्तम. प्रथम श्रेणी."